एकाच बाईची लघवी, दोन लॅब, दोन रिपोर्ट. खोटं कोण बोलतंय?

लालबागची_सून
रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच, सांभाळून घ्या.

सासूबाई ६८ वर्षांच्या. गेल्या महिन्यात लघवीला जळजळ आणि रात्रीत चार-पाचदा उठणं सुरू झालं. ताप नाही, कंबरेत दुखणं नाही. वर्षातली ही तिसरी खेप. आमचे डॉक्टर (चाळीखालीच दवाखाना, माझ्या नवऱ्याच्या गोवरालाही यांचंच औषध) म्हणाले, या वेळी अंदाजाने गोळी नको, आधी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) करू. सोमवारी सकाळी नाक्यावरच्या लॅबची बाटली भरून ठेवली. न्यायला येणारा मुलगा अडीच तास उशिरा आला. तोवर बाटली खिडकीत, तुळशीच्या कुंडीशेजारी.

दुसऱ्या दिवशी आई नणंदेकडे ठाण्याला गेल्या. तिचा नाक्यावरच्या कशावरच विश्वास नाही. तिने पुन्हा सॅम्पल घेऊन एका मोठ्या लॅबला दिलं. मधे अँटिबायोटिक काहीच चालू नव्हतं, फक्त पाणी आणि जळजळीचं सिरप.

दोन्ही रिपोर्टात जंतू एकच, ई. कोलाय, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. पण सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे पहिल्यात 'एस' (औषध लागू) आणि दुसऱ्यात 'आय' (अधलंमधलं)! पहिल्यात नुसती अक्षरं आहेत. दुसऱ्यात आकडेसुद्धा: सिप्रो ०.५, नायट्रोफ्युरंटॉइन १६ किंवा कमी, मेरोपेनेम ०.२५ किंवा कमी.

डॉक्टरांनी नायट्रोफ्युरंटॉइन दिलंय, ते दोन्हीकडे 'एस' आहे. म्हणजे औषधाचा सल्ला मागत नाहीये. पण घरात महाभारत चाललंय. नणंद म्हणते नाक्यावरचा लबाड. नवरा म्हणतो, ०.२५ हा सगळ्यांत छोटा आकडा, मग मेरोपेनेमच सगळ्यांत जालीम, ते का नाही दिलं? आणि मला त्या खिडकीतल्या बाटलीची टोचणी लागलीय. कुणी जाणकार आहे का इथे?

हताश_मुंबईकर
रविवार, रात्री ११.२०

कसली सायन्सची चर्चा करताय ताई. सगळ्या लॅब सारख्याच. एकाने बघून लिहिलं असेल, दुसऱ्याने न बघता. कुणी काय केलं ते त्यांचं त्यांना माहीत.

व्हर्नियरवाली
सोमवार, सकाळी ६.१५

महापालिकेच्या एका इस्पितळात मायक्रोबायोलॉजीत लॅब टेक्निशियन होते, ३१ वर्षं. डोंबिवलीहून सकाळची लोकल, आणि साडेआठला हातात व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटर मोजायची पट्टी. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी जाग पाचलाच येते, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

सूनबाई, मला तरी इथे कुणी खोटं बोलताना दिसत नाही. पण नाक्यावरच्या लॅबला एक प्रश्न विचारावा लागेल, तो शेवटी सांगते. आधी ते 'एस' कसं जन्माला येतं ते बघा.

पहिल्या दिवशी तुमची लघवी एका बारीक मोजक्या वळ्याने (लूपने) प्लेटवर पसरतात. दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके, म्हणजे कॉलन्या दिसतात. त्यातल्या तीन-चार उचलून सलाइनमध्ये कालवायच्या, किती गढूळ झालं ते मॅकफारलंडच्या ०.५ नंबरच्या नळीशी ताडून बघायचं. ही नळी बेरियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक अॅसिडची, दिसायला ताकाच्या निवळीसारखी. नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं आणि दोन्हींतून रेघा सारख्याच धूसर दिसल्या की झालं. मग एका मिलिलिटरला साधारण १ ते २ कोटींच्या दसपट, म्हणजे १० ते २० कोटी जंतू. ते पाणी कापसाच्या बोळ्याने म्युलर-हिंटन आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर तीन दिशांनी सारवायचं. प्लेट दर वेळी थोडी फिरवून, अंगण सारवताना हात फिरतो तसं, कुठे कोरडं राहता कामा नये. त्यावर औषधाच्या कागदी डिस्क ठेवायच्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या, ६ मिलिमीटरच्या. हे सगळं पंधरा-पंधरा मिनिटांच्या आत. रेंगाळलात तर जंतू वाढायला लागतात आणि औषधाच्या आधी शर्यत सुरू करतात.

रात्रभर, १६ ते १८ तास, ३५ अंशांवर. सकाळी प्लेटभर जंतूंचा गालिचा आणि डिस्कभोवती स्वच्छ वर्तुळं. हा झोन. त्याचा व्यास मोजायचा, डिस्क धरून. त्यामुळे आमच्याकडे ६ म्हणजे शून्य, हे नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं लागायचं. ही पद्धत बॉवर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ साली नीट बांधून दिली, म्हणून 'कर्बी-बॉवर'. पन्नासवर वर्षं झाली, अजून लहान-मोठ्या लॅबांची भाकरी तिच्यावरच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. प्लेटवर 'एस' कुठेच लिहिलेलं नसतं. प्लेटवर असतात मिलिमीटर. 'एस', 'आय', 'आर' (लागू, अधलंमधलं, लागू नाही) हे आपण तक्ता बघून लिहितो. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब सीएलएसआय नावाच्या अमेरिकी संस्थेचा तक्ता वापरतात, आणि तो दरवर्षी नवा निघतो. ई. कोलाय आणि सिप्रोसाठी जुन्या तक्त्यात २१ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे 'एस' होतं. २०१९ला ते बदललं. आता 'एस'ला २६ लागतात, २२ ते २५ 'आय', २१ आणि खाली 'आर'.

म्हणजे काल ज्या २१ला पास केलं, त्याच २१ला आज नापास.

आता तुमच्या दुसऱ्या रिपोर्टातलं ०.५ बघा. तिथे झोन नाही, बहुतेक मशीन आहे. छोट्या खळग्यांत औषधाच्या चढत्या मात्रा, आणि कुठल्या खळग्यात वाढ थांबली ते मशीन बघतं. ती कमीत कमी मात्रा म्हणजे एमआयसी, एका मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम. सिप्रोची जुनी हद्द १ होती, ०.५ आरामात 'एस'मध्ये बसायचं. नवी हद्द ०.२५. आता ०.५ बरोबर 'आय'.

माझा अंदाज: नाक्यावरच्या लॅबचा झोन २१ ते २५च्या मधे कुठेतरी आला असणार आणि त्यांच्या भिंतीवर जुना तक्ता असणार. फोन करून विचारा, "सिप्रोचा झोन किती मिलिमीटर आला होता?" रजिस्टरमध्ये लिहिलेला असतो. लिहिलेला नसेल तर मात्र तुमच्या नणंदबाई बरोबर.

मिस्टरांना सांगा, दोन औषधांचे आकडे एकमेकांशी लावायचे नसतात. आमटीत हिंग चिमूटभर पुरतो आणि गुळाचा खडा लागतो, म्हणून हिंग गुळापेक्षा चांगला ठरत नाही. मेरोपेनेमची हद्द १ आहे, तिथे ०.२५. नायट्रोफ्युरंटॉइनची हद्द ३२ आहे, तिथे १६. दोन्ही आपापल्या हद्दीत आहेत. शिवाय मेरोपेनेम शिरेतून द्यायचं, आयसीयूतल्या पेशंटसाठी जपून ठेवायचं औषध आहे. जळजळीसाठी ते मागणं म्हणजे उंदरासाठी बंब बोलावणं.

खिडकीतल्या बाटलीने सिप्रोचं अक्षर बदललं नाही, निर्धास्त राहा. पण मोजणी बिघडू शकते. ई. कोलाय मनासारखं खाणं आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत किती वेळा दुप्पट? नऊ. म्हणजे ५१२ पट. लघवीत एवढा वेग नसतो, पण हिशेब कुठे जातो ते कळलं असेल. आणि त्वचेवरचे चार उपरे जंतूही त्यात हात धुऊन घेतात. दोन तासांत लॅबमध्ये पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात. सासूबाई ओरडतील, पण पिशवीत गुंडाळून ठेवा.

वॉर्ड_नंबर_१४
सोमवार, दुपारी २.४०

मी मेडिसिनचा रेसिडेंट, नाइट संपवून वाचतोय. व्हर्नियरवाली ताईंना दंडवत. आमच्या बॅचला हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं, आम्ही फक्त 'एस' बघतो आणि राउंडला पळतो.

दोनच गोष्टी जोडतो. 'आय' म्हणजे 'अर्धं नापास' नाही. डोस वाढवून, किंवा औषध जिथे आपोआप साठतं अशा जागी, ते चालू शकतं. सिप्रो लघवीत भरपूर उतरतं, म्हणून काही रिपोर्टात त्या 'आय'च्या डोक्यावर छोटी टोपी काढलेली असते. युरोपवाल्यांनी तर २०१९पासून 'आय'चा अर्थच बदलून 'जास्त मात्रेत लागू' असा केला.

दुसरं, नायट्रोफ्युरंटॉइन मूत्राशयापुरतंच. रक्तात ते पुरेसं टिकत नाही. म्हणून आजींना ताप, थंडी, कुशीत दुखणं असं काही झालं तर 'एस' आहे म्हणून त्याच गोळीवर थांबू नका, लगेच दाखवा. किडनी फार कमकुवत असेल तरी ती गोळी देत नाहीत, पण तुमच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलंच असेल.

आणि खरं तर मेरोपेनेम त्या रिपोर्टात छापायलाच नको होतं. साध्या गोळ्या लागू पडत असतील तर भारी औषधांचे निकाल लॅबने झाकून ठेवायचे, असा चांगला रिवाज आहे. छापलं की नवरे मागतात.

औषधवाला_गिरगाव
सोमवार, दुपारी ४.०५

नवरेच नाही डॉक्टर, सगळेच मागतात. माझ्या काउंटरवर रोजचं वाक्य: "गेल्या वेळची सिप्रो पाचशे द्या, दोनच." पाकिटावरची उभी लाल रेघ दाखवली की म्हणतात, ती डिझाइन आहे. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून बाजूच्या गल्लीत जातात. चालू द्या, चांगला धागा.

हताश_मुंबईकर
सोमवार, रात्री ९.३०

ताई, मान्य, माझं लिहिणं उथळ होतं. पण लॅब कधी चुकतच नाहीत असं तर म्हणणं नाही ना?

व्हर्नियरवाली
मंगळवार, सकाळी ६.००

छे हो. चुका इतक्या प्रकारच्या की त्यावर वेगळा धागा होईल. आगर ४ मिलिमीटर जाड लागतं. घाईत पातळ ओतलं तर औषध लांब पसरतं, झोन फुगतात, आणि 'आर' जंतू 'एस' दिसतो. जाड ओतलं की उलट. जंतूंचं पाणी जास्त गढूळ झालं तरी झोन आक्रसतात. आणि आपला पावसाळा! फ्रीजरमधून काढलेली डिस्कची कुपी गार असतानाच उघडली की आतल्या डिस्कना घाम फुटतो. जुलैत मी नव्या मुलींच्या हातावर चापट्या मारलेल्या आहेत, खोटं का बोलू. कुपी खोलीच्या उबेला आली की मगच झाकण काढायचं.

पण या चुका पकडायची सोय असते. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक जंतू लॅबमध्ये पाळलेला असतो. आमचा ई. कोलाय, नंबर एटीसीसी २५९२२. त्याचं मूळ नाव 'सिएटल १९४६', म्हणजे आमच्या खात्यात सगळ्यांत सीनियर तोच. तोही पेशंटसारखाच लावायचा. जेंटामायसिनला त्याने १९ ते २६ मिलिमीटर दिलेच पाहिजेत, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकला १८ ते २४. त्या बाहेर गेला तर त्या दिवशी त्या औषधाचा एकही रिपोर्ट बाहेर पाठवायचा नाही.

२६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. मी त्या रात्री लॅबमध्येच अडकले, दोन बाकं जोडून झोपले. लाइट गेली. जनरेटर वॉर्डांना होता, आमच्या डिस्कच्या फ्रीजरला नव्हता. कधी आली, किती तास गेली होती, कुणाला धड सांगता येईना. दोन दिवसांनी काम सुरू केलं. वरून सगळं ठाकठीक, डिस्क पांढऱ्याशुभ्र, कुप्या कोरड्या. सकाळी आमच्या सीनियर जंतूची प्लेट उचलली. जेंटामायसिन २२, उत्तम. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक १५.

क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड नाजूक, उबेत मरतं. डिस्क दिसायला तशीच राहते, आतला जीव गेलेला. त्या १५वर विसंबून आम्ही रिपोर्ट सोडले असते तर चांगले लागू पडणारे जंतूही 'आर' म्हणून गेले असते, आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनी उगाच वरच्या पायरीचं इंजेक्शन काढलं असतं. आम्ही त्या औषधाचा रकाना रिकामा सोडला. वॉर्ड लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) पेशंटनी भरलेले, रेसिडेंट डॉक्टर लोक फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही (१४ नंबर, तुम्ही तेव्हा शाळेत असाल). नवा साठा येईपर्यंत आठ दिवस तो रकाना कोराच गेला. मॅडमनी सही केली आणि एवढंच म्हणाल्या, "कोरा चालेल."

पण सूनबाईंच्या प्रश्नाशी जवळची चूक वेगळीच होती, आणि ती आमची नव्हती. त्याच सुमाराला टायफॉइडचे पेशंट यायचे. रक्ताच्या कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी, सिप्रोचा झोन ऐसपैस, तक्त्याप्रमाणे 'एस'. आम्ही 'एस' लिहायचो. आणि वॉर्डातून निरोप, आठवा दिवस, ताप उतरत नाही, तुमची डिस्क तपासा. डिस्क तपासली, आगर तपासलं, सीनियर जंतू तपासला. सगळं हद्दीत. शेवटी गोम कळली ती दुसऱ्याच डिस्कवरून. नॅलिडिक्सिक अॅसिड हे सिप्रोच्याच घराण्यातलं जुनं औषध. त्याच्या डिस्कभोवती या जंतूंचा झोनच नसायचा, काठापर्यंत वाढ. म्हणजे जंतूने सिप्रोच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलेलं होतं, अजून पुरता बेफिकीर झाला नव्हता, आणि जुन्या तक्त्याच्या जाळीतून तो सुखाने निसटत होता. मग आम्ही प्रत्येक टायफीला नॅलिडिक्सिकची डिस्क लावायला लागलो, आणि ती 'आर' आली की सिप्रोपुढे शेरा मारायचा. २०१२ला तक्ता सुधारला. टायफीसाठी सिप्रोला आता ३१ मिलिमीटर लागतात.

ई. कोलायच्या बाबतीत २०१९ला जे झालं त्यामागेही हेच दुखणं. अर्धवट निर्ढावलेले जंतू 'एस'च्या रांगेत उभे होते. म्हणून मोठ्या लॅबचा 'आय' मला नाक्यावरच्या 'एस'पेक्षा जास्त पटतो, मोठी लॅब म्हणून नव्हे. फोन केलात का?

लालबागची_सून
बुधवार, रात्री १०.१५

केला! आधी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली असं काही सांगत नाही. मग मी स्वतः जाऊन उभी राहिले. आतून एक तरुण मुलगा आला, त्याने रजिस्टर काढलं, बोट फिरवत आईंचं नाव शोधलं. सिप्रो, २३.

तक्ता कुठल्या सालचा विचारल्यावर तो थोडा गोंधळला, मग मला आत बोलावून भिंतच दाखवली. प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद, कोपऱ्यात २०१६. शेजारी यंदाचं कॅलेंडर, तेवढं नवं. मुलगा बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "मॅडम, मी आलो तेव्हापासून हाच आहे." त्याने माझ्यासमोर २३ खाली रेघ मारली आणि सरांना विचारतो म्हणाला. नणंदेला सांगितलं, तर ती म्हणते, बघ, मी म्हटलंच होतं ना. नवरा हिंग-गुळावर गप्प झालाय, पण आमटीत गूळ कमी पडला की आता त्यावरून बोलतो.

आईंची जळजळ गेली, रात्री एकदाच उठतात. गोळ्या आज संपल्या. आता नवऱ्याचं नवं टुमणं, जंतू खरंच गेलेत का ते बघायला पुन्हा कल्चर करूया. करू का?

वॉर्ड_नंबर_१४
बुधवार, रात्री ११.५०

त्रास गेला असेल तर गरज नाही. या वयात काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे, आणि तेवढ्यासाठी औषध देत नाहीत. कल्चर पॉझिटिव्ह आलं तर उगाच घरात घबराट. वर्षात तीनदा झालंय, त्यामुळे पुन्हा पुन्हा का होतं हे मात्र डॉक्टरांशी बोला.

व्हर्नियरवाली
गुरुवार, सकाळी ५.५५

नको. आणि चौथ्यांदा झालंच तर गोळी सुरू करायच्या आधी सॅम्पल, बाटली खिडकीत नाही. त्या मुलाकडेच द्या हवं तर, पण आधी भिंत बघून या.